पान उलटून पाहणारा डोळा

विरार स्टेशनहून अर्नाळ्याची बस धरली, की वाटेत आगाशी लागते. भवानीशंकराचे देऊळ, नारळी-केळीच्या वाड्या आणि सुकेळी ही या गावाची जुनी ओळख. राजेळी केळी सोलून उन्हात वाळवायची आणि केळीच्याच सुक्या पानांत बांधून ठेवायची, हा उद्योग इथल्या घरांतून पिढ्यान् पिढ्या चालत आला. आता तो करणारी घरे थोडी उरली आहेत.

वाडीच्या घरांची आणखी एक रीत असे. सकाळचा चहा होतो न होतो तोच घरातले जाणते माणूस वाडीत एक फेरी मारी. कुठली केळ व्याली, कुठल्या माडाची झावळी गळली, पाटाचे पाणी कुठे अडले, हे पाहायचे आणि जाता जाता एखादे पान उलटायचे. या फेरीला कोणी शास्त्र म्हणत नसे. पण परक्या मुलखातून येणाऱ्या किडी, रोग आणि तण यांची चाहूल वेळेवर लागावी म्हणून आज जगभर जी यंत्रणा उभारली जाते, तिचा पाया हाच आहे.

अशा आगंतुकांचे एक वैशिष्ट्य असते. त्यांचे नैसर्गिक शत्रू मागे, मायदेशीच राहिलेले असतात. पहिल्या दिवसांत ते मूठभर असतात, तेव्हा उपटून टाकता येतात. गावभर पसरले, की त्यांच्यासह संसार करण्यावाचून गत्यंतर नसते. काँग्रेस गवताचा आपला अनुभव हाच. १९५०च्या दशकात पुण्यात ते नजरेस आले, तेव्हा एक नवे रोपटे एवढीच त्याची नोंद झाली. पुढे त्याने देशभर काय केले, ते सांगायला नको.

उलट उदाहरण अमेरिकेचे. १९६६ साली एका मुलाने हवाईहून तीन आफ्रिकन गोगलगाई मायामीला आणल्या आणि त्याच्या आजीने त्या बागेत सोडून दिल्या. काही वर्षांत त्यांच्या हजारो झाल्या. त्या निपटून काढायला १९७५ उजाडले. २०११ मध्ये तीच गोगलगाय मायामीत पुन्हा सापडली, ती एका घरमालकाच्या नजरेला पडली म्हणून. यावेळी दहा वर्षे खपून एक लाख अडुसष्ट हजारांवर गोगलगाई गोळा कराव्या लागल्या. आपल्याकडे हीच गोगलगाय १८४७ साली कलकत्त्यात एका हौशी साहेबाने सोडली. तेव्हा कोणी मोजले नाही. आता मोजण्यात अर्थ उरलेला नाही.

हे दूरचे झाले. वाडीच्या दारातले बोलू. २०१६ साली तामिळनाडूत पोल्लाचीच्या माडांवर एक नवी पांढरी माशी दिसली. मूळची मध्य अमेरिकेकडची ही माशी किनाऱ्याने पुढे कोकणापर्यंत पोचली. ती पानाच्या पाठीवर मेणासारख्या पांढऱ्या चक्राकार रेघांत अंडी घालते. तिचा चिकट स्राव खालच्या पानांवर पडतो आणि त्यावर काजळीसारखी काळी बुरशी धरते. माडाबरोबर केळ आणि पेरूही तिला चालतात. झाड काळवंडलेले पाहून माणूस घाईने औषध फवारतो आणि नेमका तिथे चुकतो. कारण या माशीच्या पिल्लांत अंडी घालणारी एन्कार्शिया नावाची इवली गांधीलमाशी आपल्याकडे आहे. विषारी औषधाने आधी मरते ती. म्हणूनच पाण्याचा जोरदार फवारा आणि चिकट पिवळे सापळे वापरा, असे शास्त्रज्ञ सांगतात.

केळीवरचे संकट अधिक गंभीर आहे. मर रोगाच्या बुरशीचा ‘टीआर-४’ हा नवा प्रकार बिहारात येऊन ठेपला आहे. खालची पाने कडेकडेने पिवळी पडतात, बुंध्याभोवती लोंबतात आणि बुंधा आडवा कापला तर आत तांबूस-तपकिरी कडी दिसतात. यावर औषध नाही आणि बुरशी मातीत कित्येक वर्षे तग धरते. २०१५ मध्ये ऑस्ट्रेलियात टली येथील एका बागेत हा रोग आढळला. तेव्हा केळी-बागायतदारांच्या संघटनेने पुढाकार घेऊन ती बागच विकत घेतली आणि कायमची बंद केली. एक बाग गेली, पण बाकीच्यांना सावध व्हायला वेळ मिळाला.

आपल्या राज्यातही किडींवर लक्ष ठेवणारी ‘क्रॉपसॅप’ योजना २००९ पासून आहे. ठरलेल्या पिकांची, ठरलेल्या शेतांत नेमाने मोजणी करून शेतकऱ्यांना सल्ला दिला जातो. काम मोठे आहे. पण नारळ, केळ, मोगरा आणि परसातली अळवाची पाने एकाच कुंपणात नांदवणाऱ्या वाडीच्या प्रत्येक कोपऱ्यात सरकारी माणूस कसा पोचणार? तिथे घरचाच डोळा हवा. आणि तो डोळा तर आता पहाटेची लोकल गाठण्याच्या घाईत असतो. वाड्यांच्या जागी इमारती येतात, तेव्हा झाडे जातातच. त्यांच्याबरोबर झाडांना ओळखणारे माणूसही जाते.

करायचे फार नाही. आठवड्यातून एकदा मुलांना घेऊन वाडीत, परसात, गच्चीवरच्या कुंड्यांपाशीही फेरी मारावी. पाने उलटावीत. पूर्वी न पाहिलेले काही दिसले, तर मोबाइलवर फोटो काढून तालुक्याच्या कृषी कार्यालयाला, कोसबाडच्या कृषी विज्ञान केंद्राला किंवा कोकण कृषी विद्यापीठाच्या पालघर केंद्राला दाखवावे. संशय असलेली केळ कापून पाटात टाकू नये. कोयता धुतल्याशिवाय दुसऱ्या झाडाला लावू नये. नर्सरीतून आणलेले रोप लगेच वाडीत न लावता काही दिवस बाजूला ठेवावे. आणि शेजाऱ्याला प्रेमाने मुनवा द्यायचा, तर तो निरोगी झाडाचा आहे ना, एवढे आधी पाहावे. मुनव्याबरोबर मातीही जाते आणि मातीबरोबर रोगही.

एवढ्याने सगळी संकटे टळतील असे नाही. परंतु संशय खोटा निघाला, तर एक फोटो वाया जाईल. खरा निघाला, तर शेजारच्या दहा वाड्या वाचतील. आगाशीच्या सुकेळ्यांची चव पुढच्या पिढीला ठाऊक असावी असे वाटत असेल, तर या रविवारी चहा झाल्यावर एक पान उलटून पाहा.