अकरा माणसं, एक अंगठी आणि परातभर पोहे!

मुंबई-कोलकाता महामार्गावरचं कोहमारा. एका अंगाला गोंदियाचा रस्ता, दुसऱ्या अंगाला नवेगावबांधचं जंगल आणि चहूकडे धानाच्या बांध्या. आता जरा कल्पना करा, इथल्या एखाद्या अंगणात ज्यू पद्धतीचं लग्न लावायचं ठरलं तर काय काय लागेल? मोठा हॉल? नको. डीजे? हौस असेल तर. तेल अवीवहून पुरोहित? अजिबात नको! यादी इतकी आटोपशीर आहे की सकाळी बाजारात गेलात तर दुपारच्या जेवणाला परत. आणि गंमत म्हणजे यातलं बरंच काही अस्सल मराठी आहे. चला, यादी उघडू या!

घर हाच हॉल

माहीत आहे का? कोकणातल्या बेने इस्रायल ज्यूंचं मुंबईतलं पहिलं सिनेगॉग उभं राहिलं ते थेट १७९६ साली, मांडवी भागात. त्याआधी पिढ्यान् पिढ्या या मंडळींना प्रार्थनामंदिरच नव्हतं. मग प्रार्थना, बारसं, लग्न कुठे व्हायचं? घरी! आज ज्याला ‘इंटिमेट होम वेडिंग’ म्हणून लाखाचं पॅकेज विकलं जातं, ते अलिबाग-पेण-रोह्याकडे कधीच फुकटात सुरू होतं.

टिपूच्या आईचं देणं

हे सिनेगॉग बांधलं सामाजी हसाजी दिवेकर यांनी, म्हणजेच सॅम्युएल इझिकेल दिवेकर. हे इंग्रजांच्या पलटणीतले. म्हैसूरच्या लढाईत टिपू सुलतानाच्या हाती सापडले. जात विचारली तर म्हणाले, ‘बनी इस्रायल.’ कुराणात ज्यांचं नाव आहे तेच हे लोक, असं म्हणून टिपूच्या आईने रदबदली केली आणि जीव वाचला, असं सांगतात. सुटकेचं देणं म्हणून त्यांनी सिनेगॉग बांधलं. ‘जुनी मशीद’ म्हणून ते ओळखलं जातं, आणि मशीद बंदर स्टेशनचं नाव त्यावरूनच पडलं असं मानतात. रोज लोकलने उतरणाऱ्यांनो, होतं का ठाऊक?

काजी लावी ज्यू लग्न!

आणखी एक धक्का घ्या. बेने इस्रायल समाजात धार्मिक विधी करणाऱ्या, तंटे सोडवणाऱ्या प्रमुखाला पूर्वी म्हणत ‘काजी’. समाजाचा व्यवसाय तेलाच्या घाण्याचा आणि शनिवारी घाणा बंद, म्हणून गावाने नाव ठेवलं ‘शनवार तेली’. आडनावं दिवेकर, रोहेकर, पेणकर, केहीमकर. म्हणजे लग्न ज्यू, काजी लावणार, नवरा रोहेकर आणि भांडण मराठीतून. फुल पॅकेज!

गेस्ट लिस्ट : फक्त अकरा

माहीत आहे का, पूर्ण विधीचं ज्यू लग्न किती माणसांत उरकतं? लग्नातले सात आशीर्वाद म्हणायला परंपरेने दहा प्रौढ पुरुष लागतात. या दहांत नवरदेव धरतात. विधी चालवणारा धरतात. साक्षीदारही धरतात. दहा अधिक नवरी, झाले अकरा! तेरा वर्षं पूर्ण झालेला मुलगा प्रौढ, त्यामुळे आठवीतला मामेभाऊही कोरम भरून काढतो. सुधारणावादी पंथांत तर बायकाही मोजतात, तिथे हिशोब आणखी सोपा.

अंगठी साधी हवी, पण स्वतःची हवी

इथे मोठा हिरा चालत नाही, बरं का! अंगठी साधी, बिनखड्याची. का? खड्याची खरी किंमत डोळ्यांना कळत नाही आणि नवरीची फसवणूक व्हायला नको. किमतीची अट केवढी? जुन्या काळातल्या सगळ्यात लहान नाण्याएवढी, बस! मात्र अंगठी नवऱ्याच्या मालकीची पाहिजे. मित्राची उसनी आणून मिरवलीत तर लग्नावरच प्रश्नचिन्ह. ती घालतात उजव्या हाताच्या तर्जनीत, दोन साक्षीदारांच्या डोळ्यांदेखत. आणि आपल्याकडच्या बेने इस्रायल बायका शिवाय मंगळसूत्रही घालत आल्या. डबल कन्फर्मेशन!

बोटावर बंगला

जर्मनीतल्या एरफुर्ट शहरात १९९८ साली एक जुना खजिना सापडला. त्यात होती चौदाव्या शतकातली एक ज्यू लग्नाची अंगठी, जिच्या माथ्यावर चक्क छोटंसं घर! छप्पर, कमानी, सगळं सोन्यात. फ्लॅटसाठी लोन काढणाऱ्या नवरदेवांनो, ही आयडिया घ्या.

चार बांबू, एक कापड

ज्यू मांडवाला म्हणतात हुप्पा. चार काठ्या, वर एक कापड, चारी बाजू मोकळ्या. झाला नव्या जोडप्याचा संसार उभा! प्रार्थनेची शाल ताणली तरी चालते, काठ्या चार दोस्तांनी धरल्या तरी चालतात. बरेच जण तो उघड्या आकाशाखाली घालतात, संततीला ताऱ्यांएवढं उधाण यावं म्हणून. गोंदिया जिल्ह्यात बांबूला तोटा नाही आणि कोहमाऱ्याच्या आभाळात ताऱ्यांनाही. डेकोरेटरचं बिल : जवळपास शून्य.

पंचांग म्हणतं, थांबा!

शुक्रवारचा सूर्य मावळला की शनिवारी आकाशात तीन तारे दिसेपर्यंत लग्न नाही म्हणजे नाही. सणांना नाही. आणि विदर्भात जो धडाक्याचा सीझन, तो एप्रिल-मे बहुतेक बाद! वल्हांडण सणानंतरच्या सात आठवड्यांत बराच काळ लग्नं टाळायची रीत आहे. अपवाद तेहतिसाव्या दिवसाचा; त्या दिवशी अनेक ठिकाणी लग्नांची झुंबड उडते. लाडका वार कोणता? मंगळवार! सृष्टीच्या निर्मितीकथेत तिसऱ्या दिवशी देवाने ‘चांगलं आहे’ असं दोनदा म्हटलं, म्हणून. पंचेचाळीस डिग्रीत मांडव न घालण्याची यापेक्षा पवित्र सबब कुठे मिळणार?

पोह्यांचा प्रसाद

आता येऊ स्टार आयटमवर. बेने इस्रायल लग्नाच्या आधी मेंदी आणि मेंदीला मलिदा! नवरीच्या हातावर मेंदी चढते, नातेवाईक गाणी म्हणतात आणि स्वयंपाकघरात परात सजते. पोहे धुऊन निथळायचे, हाताने अलगद मोकळे करायचे. त्यात खोवलेलं ओलं खोबरं, साखर, वेलचीपूड, बदाम-पिस्त्यांचे काप, बेदाणे. मधोमध ढीग रचायचा, भोवती फळं मांडायची. संदेष्टा एलियाहूची आठवण काढत हिब्रू प्रार्थना होते आणि मग परात फिरते. पोहे मऊ पण मोकळे हवेत. लगदा झाला की आत्याबाईंच्या भुवया वर! धानाच्या जिल्ह्यात पोह्यांची काय चिंता? नारळ तेवढा बाहेरून येणार.

माहीत आहे का, या परातीतलं केळं ‘झाडाचं फळ’ नाही? ज्यू नियमांनुसार ते जमिनीतलं पीक, कारण केळीचा खांब एकदा फळून मरतो. म्हणून सफरचंदाला एक आशीर्वाद, केळ्याला दुसरा. बॉटनीचा तासच!

वाइन नाही? मनुका आहेत!

विधीला द्राक्षरस लागतो, तोही धर्मनियमांतला. कोकणात तो कुठून आणायचा? बेने इस्रायल बायकांनी जुगाड केला. काळ्या मनुका पाण्यात भिजवल्या, कुस्करल्या, फडक्यातून गाळल्या, शरबत तयार! सब्बाथला म्हणजे शनिवारच्या विश्रांतीच्या दिवशीही तेच, सणालाही तेच. दारूबंदीवालेही टाळ्या वाजवतील.

नवरदेवाची ऑडिशन

एंट्री नवरीची, पण गाणं नवऱ्याचं! बेने इस्रायल लग्नात नवरी दारातून आत येते तेव्हा नवरदेव उभा राहून ‘योनाती’ हे हिब्रू गीत गातो. पांढऱ्या साडीतली नवरी हळूहळू पुढे येतेय, पाहुणे उभे, आणि बाथरूममध्ये महिनाभर केलेला रियाज आता पणाला लागलेला. सूर हलला तरी चालतो, बावरलेला नवरा सगळ्यांना आवडतो. बँड बुक करण्यापेक्षा हे स्वस्त आणि व्हायरल व्हायची गॅरंटी.

करारात लिहिलं, साक्षीने सही

लग्नाचा करार म्हणजे केतुबा. तो सगळ्यांसमोर वाचतात. त्यात नवऱ्याने बायकोला काय द्यायचं ते लिहिलेलं. प्राचीन दर कुमारिकेला २०० झुझ (चांदीची जुनी नाणी), विधवेला १००. माहीत आहे का, इजिप्तमधल्या एलिफंटिनी बेटावरचा एका ज्यू नवऱ्याचा विवाहकरार आजही शाबूत आहे? साल इसवी सनापूर्वी ४४९! न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन म्युझियममध्ये ठेवलाय. आणि आपल्याला मागच्या वर्षीची पावती सापडत नाही.

फोडा, पण जपून

लग्नात काचेचा प्याला फोडतात, जेरुसलेमच्या उद्ध्वस्त मंदिराच्या आठवणीत. तालमूद या ज्यू धर्मग्रंथात एक किस्सा आहे. मुलाच्या लग्नात पाहुणे फारच मोकाट सुटले, तेव्हा मार बर रविना या विद्वानाने ४०० झुझचा प्याला आणून सगळ्यांदेखत फोडला. म्हणजे दोन नवऱ्यांच्या केतुबाची रक्कम एका दणक्यात चक्काचूर! सगळे चिडीचूप. आजकाल काही जण विजेचा बल्ब वापरतात. आवाज मोठा, खर्च छोटा. कापडात गुंडाळायला मात्र विसरू नका.

मेन्यू : तळ्याकाठची परीक्षा

मांस आणि दूध एका पंगतीत नाही. मटणानंतर रबडी बाद. म्हणूनच आपल्याकडचे ज्यू घरात रस्सा दाट करायला नारळाचं दूध घालतात. मटण-कोंबडी ठरलेल्या रीतीनेच कापलेली हवी, त्यामुळे लहान गावात सोपा मार्ग मासे. पण मासाही खवल्यांचा आणि परांचा पाहिजे. भंडारा-गोंदिया म्हणजे तलावांचा मुलूख, मग टेस्ट घ्या : रोहू, कटला पास. मागूर नापास. झिंगे तर परीक्षेलाच बसू नयेत!

स्मशानात सनई

जरा अंगावर काटा येऊ द्या. साथीचा रोग पसरला की पूर्व युरोपात काही ठिकाणी गरीब किंवा अनाथ जोडप्याचं लग्न वर्गणी काढून चक्क कब्रस्तानात लावत. पुण्य घडेल, साथ ओसरेल ही श्रद्धा. १९१८ च्या फ्लूमध्ये अमेरिकेतलं फिलाडेल्फिया आणि कॅनडातलं विनिपेग इथेही अशी लग्नं लागली. लॉकडाऊनमध्ये २० जणांत लग्न केलेल्यांनो, तुमचं ठिकाण बरंच बरं होतं.

लग्नासाठी आंदोलन

आता एक गंभीर गोष्ट. १९६२ मध्ये इस्रायलच्या धर्मपीठाने फतवा काढला : बेने इस्रायल व्यक्तीशी लग्न लावायचं तर आधी तिच्या पिढ्यांची चौकशी करा. दीमोना, अश्दोदकडे स्थायिक झालेले आपले मराठी ज्यू खवळले. निदर्शनं झाली, जेरुसलेममध्ये ठिय्या पडला. शेवटी १९६४ मध्ये माघार घ्यावी लागली. ‘सर्वार्थाने ज्यू’ असा दर्जा मान्य झाला. स्वतःच्या लग्नासाठी सरकार आणि धर्मपीठ दोघांना वाकवणारी मराठी माणसं!

एक लग्न, सात जेवणं

छोट्या लग्नात ‘आम्हाला बोलावलं नाही’ हा रुसवा ठरलेला. त्यावरही उपाय तयार. लग्नानंतर सात दिवस रोज वेगळ्या घरी जेवण, तिथे पुन्हा सात आशीर्वाद. दहांचा कोरम तर हवाच, शिवाय पंगतीत किमान एक नवा चेहरा हवा. आज मावशी, उद्या शेजारी, परवा ऑफिसचे साहेब. हॉलचं भाडं वाचलं, नातीही वाचली.

आणि शेवटी, कागद!

महाराष्ट्राने २०१६ साली ज्यूंना अल्पसंख्याकांचा दर्जा दिला. भारतात ज्यू विवाहाचा स्वतंत्र लिखित कायदा मात्र नाही. धार्मिक लग्न लागलं की राज्याच्या १९९८ च्या कायद्याखाली नोंदणी करायची. जोडीदार वेगळ्या धर्माचा असेल तर १९५४ चा विशेष विवाह कायदा आहे : ३० दिवसांची नोटीस, तीन साक्षीदार. आणि माहीत आहे का? या कायद्यात जादा फी भरून विवाह अधिकाऱ्याला कार्यालयापासून वाजवी अंतरावर, म्हणजे तुमच्या घरीही बोलावता येतं! तेव्हा पत्रिका छापायच्या आधी कॅलेंडर बघा, नोटिशीचा महिना मोजा. बांबू शेजाऱ्याचे असले तरी चालतील, विवाह प्रमाणपत्र मात्र कपाटात स्वतःचं हवं!