प्रमाणपत्र कागदावरून पडद्यावर
(बौद्धिक संपदेची ओळख : लेखांक ९)

अमेरिकेच्या पेटंट व ट्रेडमार्क कार्यालयातून मिळणारे पेटंट अनेक दशके जाड कागदावर छापले जात असे आणि सोनेरी मोहोर व लाल फीत लावून टपालाने पाठवले जात असे. ही पद्धत दोन टप्प्यांत बदलली. ट्रेडमार्कची नोंदणी प्रमाणपत्रे २४ मे २०२२ पासून आणि पेटंटे १८ एप्रिल २०२३ पासून इलेक्ट्रॉनिक स्वरूपात देण्यास सुरुवात झाली. तेव्हापासून डिजिटल दस्तऐवज हेच अधिकृत पेटंट असते. भिंतीवर लावण्यासाठी छापील प्रत हवी असल्यास ती वेगळे शुल्क भरून घेता येते; पण ती केवळ शोभेची.

हा बदल कायद्याच्या चौकटीत बसला, कारण तिथल्या पेटंट कायद्याच्या कलम १५३ मध्ये कागदाची अट नाही. पेटंट कार्यालयाच्या मोहोरेसह द्यावे, त्यावर संचालकांची सही असावी किंवा उमटवलेली असावी आणि त्याची नोंद ठेवावी, असे हे कलम सांगते. मोहोर आणि सही डिजिटल झाली, तरी अट पूर्ण होते.

डिजिटल सहीचे काम शाईच्या सहीपेक्षा वेगळे असते. दस्तऐवजातील मजकुरावरून गणिती रीतीने एक छोटी सांकेतिक संख्या काढली जाते आणि ती कार्यालयाच्या गुप्त किल्लीने बंद केली जाते. तपासणारा सार्वजनिक किल्लीने ती उघडतो, हाती आलेल्या मजकुरावरून तीच संख्या पुन्हा काढतो आणि दोन्ही ताडून पाहतो. मजकुरात एक स्वल्पविराम जरी बदलला, तरी संख्या जुळत नाही. ही पडताळणी मूळ फाइलवरच होऊ शकते. तिची छापील प्रत काढली की सही दिसते, पण तपासता येत नाही. म्हणून मूळ फाइल जशीच्या तशी जपून ठेवावी लागते.

छपाईचा वेळ वाचल्याने शुल्क भरल्यापासून पेटंट मिळेपर्यंतचा काळही कमी झाला. याचा एक परिणाम वकिलांना लक्षात ठेवावा लागतो. आधीच्या अर्जाला जोडून पुढचा अर्ज करायचा असेल, तर आधीचा अर्ज प्रलंबित असतानाच तो दाखल व्हावा लागतो. पूर्वी मिळणारी सवड आता गृहीत धरता येत नाही. त्यामुळे असा अर्ज अंतिम शुल्क भरण्यापूर्वीच किंवा त्याबरोबर करण्याचा सल्ला दिला जातो.

भारतात ट्रेडमार्क रजिस्ट्रीचे मुख्य कार्यालय मुंबईत आहे. ट्रेडमार्क कायदा, १९९९ च्या कलम ६ नुसार रजिस्टर इलेक्ट्रॉनिक स्वरूपात ठेवता येते, तर माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० ने इलेक्ट्रॉनिक अभिलेख आणि सही यांना मान्यता दिली आहे. आता नोंदणी प्रमाणपत्रही ऑनलाइन मिळते. मात्र त्यावरची एक सूचना अनेकांच्या नजरेतून सुटते : हे प्रमाणपत्र न्यायालयीन कामकाजात किंवा परदेशात नोंदणी मिळवण्यासाठी वापरता येत नाही. अशा वेळी रजिस्टरमधील नोंदीची प्रमाणित प्रत मागवावी लागते. रजिस्ट्रारने प्रमाणित केलेली, मोहोर असलेली प्रत कलम १३७ नुसार मूळ दस्तऐवज सादर न करताही न्यायालयात पुरावा म्हणून ग्राह्य धरली जाते.

यावरून हे स्पष्ट होते की हक्काचा आधार रजिस्टरमधील नोंद आहे. प्रमाणपत्र त्या नोंदीची खूण. ते हरवले म्हणून हक्क जात नाही, आणि ते हाती असले तरी नोंद जुनी राहिली तर अडचण येते. मालकी किंवा पत्ता बदलल्यास रजिस्ट्रीला लगेच कळवावे, अशी सूचना प्रमाणपत्रावरच असते. ट्रेडमार्कची मुदत दहा वर्षांची असते आणि नूतनीकरण न केल्यास ट्रेडमार्क रजिस्टरमधून काढला जाऊ शकतो. त्यामुळे प्रमाणपत्राची फाइल सांभाळण्याबरोबर मुदतीची तारीख, पत्ता आणि ईमेल यांच्या नोंदी अद्ययावत ठेवणे मालकाच्या हिताचे असते.