इंजिनाची गति व ठिणगीची वेळ

गोदावरीला पाणी चढलें असतां पट्टीच्या पोहणाऱ्यास पैलतीरावरील एखादा घाट गांठावयाचा असेल, तर तो त्या घाटाच्या समोर उडी घेत नाहीं; बराच वर जाऊन घेतो. पात्र ओलांडण्यास त्यास लागणारा वेळ जवळजवळ ठरलेला असतो. प्रवाह जितका वेगवान, तितकी उडी अधिक वरून. पेट्रोलच्या इंजिनांतील ठिणगीचें गणित असेंच आहे.

सिलिंडरांतील दट्ट्या पेट्रोलची वाफ व हवा यांचें मिश्रण दाबीत वर येतो आणि ठिणगी तें पेटविते. परंतु तें एकदम जळत नाहीं. ज्योत क्रमानें पसरते. त्यास दोन सहस्रांश सेकंद लागतात असें धरूं. मिनिटास १००० फेरे होत असतां तेवढ्या वेळांत क्रँक १२ अंश फिरतो. ३००० फेरे होत असतां ३६ अंश. वायूचा दाब तर दट्ट्या माथा ओलांडून किंचित् खालीं आल्यावर परमावधीस पोहोंचावयास हवा. म्हणून गति वाढली कीं ठिणगी अधिक अंश आधीं पडली पाहिजे. यासच कारागीर ‘ॲडव्हान्स’ म्हणतात. मात्र गतीबरोबर सिलिंडरांतील खळबळहि वाढते व ज्योत त्वरेनें पसरते. त्यामुळें हे अंश गतीच्या प्रमाणांत वाढत जात नाहींत.

ठिणगीस उशीर झाला तर पेट्रोल वायां जातें. ती फार लौकर पडली तर उरलेलें मिश्रण आपणच भडकतें, खडखड ऐकूं येते आणि कालांतरानें दट्ट्यास इजा होते.

१९०८ सालीं निघालेल्या फोर्डच्या ‘मॉडेल टी’ गाडींत ही वेळ चालक सुकाणूजवळील दांडीनें साधीत असे. पुढें स्प्रिंगनें आवरलेलीं दोन वजनें आलीं. गति वाढली कीं तीं बाहेर फांकत व ठिणगी आपोआप आधीं पडे. आजच्या गाडींत क्रँकबरोबर फिरणाऱ्या दातेरी चक्राचे दांते सेन्सर मोजतो. छोटा संगणक गति व भार पाहून स्मृतींतील कोष्टकांतून योग्य अंश निवडतो. पुष्कळ गाड्यांत खडखड ओळखणारा दुसरा सेन्सरहि असतो. त्याची सूचना मिळतांच ठिणगी किंचित् मागें घेतली जाते.

तरीहि कसाऱ्याच्या घाटांत, भरलेली गाडी वरच्या गिअरांत मंद गतीनें रेटली, तर इंजिनावर अतिशय भार पडतो. अशा वेळीं ॲक्सिलरेटर अधिक न दाबतां खालचा गिअर घ्यावा. ठिणगीची वेळ संगणक साधतो. हातानें गिअर बदलावयाच्या गाडींत गिअरची निवड मात्र चालकानेंच करावयाची असते.