साच्यातून निघालेली मोटार

मोटार तयार करायची तर मोठा कारखाना हवा, असे आपण गृहीत धरतो. पोलादी पत्र्याला दाराचा किंवा टपाचा आकार द्यायचा तर अवजड दाबयंत्रे आणि पोलादाचे महागडे साचे लागतात. हजारो गाड्या खपणार असतील तरच हा खर्च परवडतो. मग होड्या बांधणाऱ्या एका माणसाने छोट्या कार्यशाळेत मोटार कशी तयार केली?

ब्रूस मेयर्स (१९२६–२०२१) हा अमेरिकेतील कॅलिफोर्नियाचा रहिवासी. फायबरग्लासच्या होड्या बांधण्याचा त्याला अनुभव होता. तेथे समुद्रकाठच्या वाळूत मोटारी पळवण्याचा छंद अनेकांना होता, पण जड गाड्या वाळूत रुतत. १९६४ मध्ये मेयर्सने फोक्सवॅगन बीटलचे इंजिन बसवून फायबरग्लासची एक हलकी, बिनटपाची गाडी बनवली. बीटलचे इंजिन मागे असते, त्यामुळे त्याचे वजन गाडी ढकलणाऱ्या मागच्या चाकांवरच पडते. शिवाय ते हवेने थंड होते. पाण्याचा रेडिएटर लागत नाही. मेयर्सच्या गाड्या पुढे ‘मेयर्स मँक्स’ या नावाने प्रसिद्ध झाल्या.

आता फायबरग्लासकडे वळू. मातीच्या भिंतीसाठी चिखल मळताना त्यात पेंढा किंवा भुसा घालतात, हे आपण पाहिले असेल. चिखल आकार देतो, पेंढा तडे जाऊ देत नाही. फायबरग्लासमध्ये पेंढ्याच्या जागी काचेचे बारीक तंतू आणि चिखलाच्या जागी पॉलिएस्टर रेझीन असते. तंतू ताण सहन करतात. रेझीन त्यांना जागेवर धरून ठेवते आणि एका तंतूवरचा भार दुसऱ्याकडे पोचवते.

कृतीही सोपी आहे. प्रथम हव्या त्या आकाराचा नमुना घडवतात व त्यावरून साचा काढतात. साच्याला आतून मेण चोळतात, त्यावर रंगीत रेझीनचा थर देतात. मग काचतंतूंची चटई अंथरून तिच्यात रेझीन मुरवतात आणि रूळ फिरवून हवेचे बुडबुडे काढतात. रेझीनमध्ये आधीच मिसळलेल्या रसायनामुळे त्याचे रेणू एकमेकांत गुंफले जातात, उष्णता बाहेर पडते आणि थर कडक होतो. दाबयंत्र नको, भट्टी नको.

पहिल्या बारा गाड्यांमध्ये फायबरग्लासचे अंगच सांगाड्याचेही काम करी. ते बनवणे फार खर्चाचे होते. मग मेयर्सने रचना बदलली. जुन्या बीटलचे वरचे अंग काढून टाकायचे, तिचा तळ सुमारे ३७ सेंटिमीटरने आखूड करायचा आणि त्यावर मँक्सचे अंग बसवायचे. गिऱ्हाइकाने सुटे भाग विकत घ्यावेत आणि घरी जोडणी करावी. अशा गाडीला ‘किट कार’ म्हणतात. इंजिन, गिअर, ब्रेक यांपैकी काहीच मेयर्सला बनवावे लागत नव्हते.

१९६७ मध्ये मेयर्स आणि त्याच्या साथीदाराने मेक्सिकोतील ला पाझ ते तिहुआना हा खडतर प्रवास ३४ तास ४५ मिनिटांत पुरा केला. मोटारसायकलचा आधीचा विक्रम पाच तासांहून अधिक फरकाने मोडला. मँक्सची मागणी एकदम वाढली.

आणि येथेच घात झाला. ज्या सोपेपणामुळे मेयर्सला मोटार बनवता आली, तो सोपेपणा इतरांनाही उपलब्ध होता. एक मँक्स विकत घ्यायची, तिच्यावरूनच साचा काढायचा आणि विक्री सुरू करायची! ना नमुना घडवण्याचे श्रम, ना प्रयोगांचा खर्च. मेयर्सने पेटंट मिळवले होते. पण ते न्यायालयात टिकले नाही. नकलांची संख्या मूळ गाड्यांच्या कित्येक पट झाली. १९७१ मध्ये कंपनी बंद पडली. पुढे २००० मध्ये, वयाच्या चौऱ्याहत्तराव्या वर्षी, मेयर्सने पुन्हा मँक्स विकायला सुरुवात केली. २०१४ मध्ये त्याच्या पहिल्या गाडीची अमेरिकेच्या राष्ट्रीय ऐतिहासिक वाहनांमध्ये नोंद झाली.

वर्गात एक प्रयोग करता येईल. वाटीला बाहेरून तेल लावा. वर्तमानपत्राच्या पट्ट्या खळीत बुडवून तिच्यावर पाच-सहा थर चिकटवा. दोन-तीन दिवस वाळू द्या आणि अलगद सोडवा. नुसता कागद आणि ही कागदी वाटी यांच्या ताकदीची तुलना करा. मग विद्यार्थ्यांना विचारा: एखादी वस्तू बनवायला जितकी सोपी, तितकी तिची नक्कल सोपी, अशा वेळी ती प्रथम सुचलेल्याचा हक्क कसा जपायचा? रसायनशास्त्राचा हा तास नागरिकशास्त्रापर्यंत सहज पोचेल.