उद्दिष्ट कोणाचे?

१९४३ च्या मार्च महिन्यात स्मोलेन्स्कच्या आघाडीवर झासेत्स्की नावाच्या तरुण सोव्हिएत अधिकाऱ्याच्या डोक्यात गोळी शिरली आणि मेंदूच्या डाव्या, मागल्या भागाचा विध्वंस करून गेली. तो शुद्धीवर आला तेव्हा उजव्या बाजूचे जग त्याला दिसेना आणि शिकलेली अक्षरे परकी झाली होती. मानसशास्त्रज्ञ अलेक्झांडर लूरिया यांच्या देखरेखीखाली त्याचे पुनर्वसन सुरू झाल्यावर ध्यानात आले की, एकेक अक्षर आठवीत बसल्यास त्याची लेखणी अडते, परंतु हात न उचलता संबंध शब्द लिहावयास सांगितल्यास ती चालू लागते. तेव्हापासून स्वतःची कैफियत लिहून काढण्याचे काम त्याने अंगावर घेतले, आणि लिहिलेले आपले आपल्यालाच धड वाचता येत नसतानाही पंचवीस वर्षांत सुमारे तीन हजार पाने पुरी केली.

लूरियांनी त्याचे कारण दिले आहे: कपाळामागील अग्रखंड शाबूत राहिल्याने, इरादा करणे आणि त्यास धरून राहणे ही शक्ती झासेत्स्कीपाशी उरली होती. ज्याचे अग्रखंडच जबर दुखावले, त्याची गोष्ट निराळी. चहा करावयाचा आहे असे तो म्हणेल, कृतीही बिनचूक सांगेल, आणि बसल्या जागेवरून उठणार नाही. घरच्यांना तो आळस वाटतो, आणि या गैरसमजापायी रुग्णाच्या वाट्याला जे बोल येतात ते ऐकवत नाहीत.

म्हणूनच अशा रुग्णाचे उद्दिष्ट मुक्रर करणे हा दप्तरी सोपस्कार नव्हे, तो उपचाराचाच भाग आहे. किरेसुक आणि शर्मन यांनी १९६८ मध्ये उद्दिष्टांसाठी एक मापनपद्धती मांडली. मुळात ती मानसिक आरोग्यसेवेसाठी होती, पण पुढे पुनर्वसनातही रूढ झाली. समजा, पूर्वी मोटार चालवणारा एक गृहस्थ ‘मला कामावर जायचे आहे’ एवढेच म्हणतो. ‘ते आता विसरा’ असे त्यास सांगू नये. त्या इच्छेतून सहा आठवड्यांच्या मुदतीचा एक तुकडा काढावा. खिशातील चिठ्ठी पाहून, एकदा आठवण करून दिल्यावर, तो कोपऱ्यावरच्या वाण्याकडून साखर घेऊन आला तर शून्य, म्हणजे अपेक्षेइतके. आठवण न देता गेला तर अधिक एक. हिशेबाचे पैसेही बरोबर परत आणले तर अधिक दोन. सोबत न्यावी लागली तर उणे एक. फाटकाबाहेर पाऊलच पडले नाही तर उणे दोन. येथे प्रत्येकाचे माप त्याच्या स्वतःच्या जीविताला लावलेले असते.

सांधे आखडू नयेत, पाठीस जखमा होऊ नयेत, ही कलमे आवश्यकच. पण ती शुश्रूषा करणाऱ्यांची उद्दिष्टे आहेत, आणि केवळ त्यांनीच कागद भरला की रुग्ण आपल्याच पुनर्वसनात तिऱ्हाईत होतो, असे माझे स्पष्ट मत आहे. ज्याला बोलताच येत नाही त्याच्या बाबतीत, कोणाच्या आवाजाने त्याची नजर वळते आणि पूर्वी त्याला कशाची गोडी होती, हे आप्तांना विचारावे; दोन सदरे समोर धरून एकाकडे त्याने नजरेने कौल देणे, हेही कित्येकदा पुऱ्या महिन्याचे उद्दिष्ट ठरते.

रुग्णाची स्मृतीही बहुधा अधू झालेली असल्याने काल ठरलेले आज आठवत नाही. म्हणून जमत असेल तर त्याच्याच हस्ताक्षरात, वाकडेतिकडे का होईना, ते उद्दिष्ट लिहवून घ्यावे, खाटेजवळच्या भिंतीवर लावावे, आणि रोज सकाळी त्याच्याबरोबर पुन्हा वाचावे.