डोळ्यातला कापूस

गेवराई तालुक्यात कापूस काय असतो ते कुणाला सांगावं लागत नाही. उमापूरकडे दिवाळीच्या सुमारास वेचणी चाललेली असते. डोळ्यांचे डॉक्टर ज्याला ‘कॉटन वूल स्पॉट’ म्हणतात तो कापूस मात्र वेगळा. बाहुली मोठी करणारे थेंब घालून आत उजेड टाकला, की नारिंगी पडद्यावर पिंजलेल्या कापसासारखे, कडा विरलेले पांढरट पुंजके दिसतात. तिथली केसाहून बारीक रक्तवाहिनी बुजलेली असते. रक्त थांबलं की मज्जातंतूंमधली ने-आण तुंबते, जागा फुगते, पांढरी पडते. रोग्याला पुष्कळदा याचा पत्ताच नसतो. आठवड्यांनी पुंजके विरूनही जातात.

मधुमेहात, रक्तदाबातही हे दिसतं. पण बाई तिशीतली, सांधे ठणकतात, उन्हात गालांवर लाली चढते, तर ल्युपसची, म्हणजे प्रतिकारशक्ती स्वतःच्याच शरीरावर उलटणाऱ्या आजाराची, शंका घ्यावी. याचे दहांपैकी नऊ रुग्ण बायका असतात. आपल्याकडे गालावरचा डाग ‘वांग’ म्हणून सुटतो, सांधे चिकुनगुन्याच्या खात्यावर जातात.

डोळ्याचा पडदा गर्भात मेंदूतूनच फुटलेला कोंब. पडद्याचं आणि मेंदूच्या बऱ्याच भागाचं रक्तही मानेतल्या एकाच धमनीच्या फांद्यांतून येतं. म्हणून पडद्यावर वाहिन्या बुजत असतील तर मेंदूचीही चौकशी हवी: झटका, अर्धांगवायू, अचानक भ्रम. १८५१ मध्ये हेल्महोल्ट्झने डोळ्यात डोकावायचं यंत्र जगापुढे आणलं, तेव्हापासून चिरफाडीशिवाय या वाहिन्या पाहता येतात.

ल्युपसमध्ये वाहिन्या बिघडतात दोन तऱ्हांनी. कधी भिंतीलाच सूज येते, कधी अँटीफॉस्फोलिपिड प्रतिपिंडांमुळे रक्ताची गुठळी होते. पहिलीला स्टिरॉइड आणि प्रतिकारशक्ती आवरणारी औषधं, दुसरीला रक्त पातळ करणारी. वारंवार गर्भपात झालेल्या बाईत दुसरी शक्यता आवर्जून तपासावी. या प्रतिपिंडांची चाचणी किमान १२ आठवड्यांनी पुन्हा करतात, त्याशिवाय शिक्का मारत नाहीत.

हायड्रॉक्सिक्लोरोक्विन, करोनात गाजलेली तीच गोळी, ल्युपसचा पाया आहे. जास्त मात्रा वर्षानुवर्षं घेतली तर तीच पडद्याला बाधते. मर्यादा वजनामागे किलोला ५ मिलिग्रॅम. ४५ किलोच्या बाईला दिवसाला २२५. तेव्हा रोज ४०० घेणाऱ्या सडपातळ बाईने डॉक्टरांना विचारावंच. गोळी मात्र मनाने सोडू नये. सुरुवातीला एकदा आणि पाच वर्षांनंतर दरसाल पडदा तपासून घ्यावा.

त्या दिवशी गाडी दुसऱ्याने चालवावी. थेंबांचा अंमल काही तास राहतो, उन्हात डोळे उघडवत नाहीत.