बारा व्होल्टची जावा

जुन्या मोटारसायकलींचा विषय निघाला की आजकाल दोन पक्ष पडतात, आणि माझं दोघांशीही पटत नाही. पहिल्या पक्षाला प्रत्येक नट आणि प्रत्येक वायर कारखान्यातून निघाली तशीच हवी. दिवा मिणमिणता असला तरी चालेल, गाडी वर्षातून एकदा रॅलीला निघाली तरी चालेल, पण बॅटरी सहा व्होल्टचीच पाहिजे. दुसरा पक्ष गाडी घरी आणल्याच्या दिवशीच ग्राइंडर बाहेर काढतो. मागची फ्रेम कापतो, सीट आखूड करतो, मडगार्ड आणि सायलेन्सर कबाड्याला देऊन टाकतो. मी अमरावती-अकोल्याकडच्या पोरांना वर्षानुवर्षं एकच सांगत आलोय. जुनी गाडी रोज चालण्याजोगी करा, त्यासाठी लागेल ते नवं खुशाल बसवा, पण बसवलेली प्रत्येक वस्तू उद्या चार बोल्ट सोडून काढता आली पाहिजे. फ्रेमला करवत लागता कामा नये. आणि हे काम घरच्या अंगणात, स्वतःच्या हातांनी झालं पाहिजे.

आपल्याकडच्या जुन्या गाड्यांचा आढावा घ्यायचा तर सुरुवात दुसऱ्या महायुद्धानंतरच्या लष्करी गाड्यांपासून करावी लागते. बीएसए, नॉर्टन, मॅचलेस अशा गाड्या लिलावात गेल्या आणि देशभर पांगल्या. अचलपूरच्या एका वाड्यात लहानपणी पाहिलेली मॅचलेस मला अजून आठवते. तिच्या टाकीवर कोंबड्या बसायच्या. या गाड्यांचे सुटे भाग परदेशातून मागवावे लागतात, तेव्हा नवशिक्याने त्या वाटेला जाऊ नये. 1955 पासून मद्रासमध्ये बुलेट तयार होऊ लागली. 346 सीसी, उजव्या पायात गिअर, डाव्या पायात ब्रेक. तिच्यावर इतकं लिहिलं गेलंय, आणि तिचे भाग इतके सहज मिळतात, की तिला माझ्या लेखणीची गरज नाही.

राजदूतला मात्र थोडी जागा द्यायलाच हवी. 1962 मध्ये एस्कॉर्ट्सने पोलंडच्या एसएचएल एम-11 या गाडीवरून ती उभी केली. टू-स्ट्रोक, 173 सीसी, पुढचं सस्पेन्शन अवजड पण भक्कम. वऱ्हाडातल्या काळ्या मातीत, पऱ्हाटीच्या वावरातून, दोन्ही बाजूंना दुधाचे कॅन लावून ती निमूट चालली. दर्यापूर-अकोट पट्ट्यातल्या कितीतरी घरांचं दुधाचं आणि शेतीचं अर्थकारण या गाडीने ओढलं. नव्या माणसाला शिकायला तिच्याइतकी सोपी गाडी नाही. तिचीच छोटी बहीण जीटीएस. 1973 च्या ‘बॉबी’ चित्रपटामुळे तिला बॉबी हेच नाव पडलं. ती देखणी होती, पण आपल्या रस्त्यांची नव्हती.

आता जावा.

मुंबईच्या इराणी कुटुंबातल्या रुस्तम आणि फारुख इराणी यांनी म्हैसूरला आयडियल जावाचा कारखाना काढला. 1961 पासून चेकोस्लोव्हाकियाच्या परवान्यावर जावा 250 तिथे तयार होऊ लागली. 1973 पासून तीच येझदी या नावाने निघाली, 1978 मध्ये रोडकिंग आली आणि 1996 मध्ये कारखाना बंद पडला. ही मोटारसायकल उघडून पाहिली की ती बनवणाऱ्यांनी किती विचार केला होता ते कळतं. किक आणि गिअर एकाच दांडीवर: दांडी आत दाबून वर फिरवली की किक, खाली पाडली की पुन्हा गिअर. जुन्या जावात गिअर बदलताना त्याच दांडीने क्लच आपोआप सुटतो. एका सिलिंडरला दोन सायलेन्सर. व्हॉल्व्ह नाहीत, टायमिंग चेन नाही. सिलिंडर काढायला चार नट सोडावे लागतात. घरात पान्यांचा एक संच आणि थोडा धीर असला, तर दहावी झालेला मुलगाही रविवारी सकाळी पिस्टन हातात घेऊ शकतो.

या गाडीच्या बहुतेक तक्रारींचं मूळ दोन ठिकाणी सापडतं, आणि नवशिक्यांना ती दोन्ही ठिकाणं कोणी दाखवत नाही. पहिलं ठिकाण क्रँकचं सील. टू-स्ट्रोकमध्ये पिस्टनखालची पोकळी हवाबंद असावी लागते, कारण पेट्रोल-हवेचं मिश्रण आधी तिथे दाबलं जातं. क्लचच्या बाजूचं सील गेलं की गिअरबॉक्समधलं ऑइल इंजिनात ओढलं जातं आणि गाडी पांढराशुभ्र धूर सोडते. मग लोक रीबोर करतात, नवा पिस्टन टाकतात, पैसे घालवतात, आणि धूर तसाच राहतो. दुसरं ठिकाण सायलेन्सर. आतली जाळी कार्बनने तुंबली की गाडी चढ चढत नाही. आवाजासाठी ती जाळीच काढून टाकली, तरी ताकद जाते, कारण टू-स्ट्रोकच्या सायलेन्सरचा आकार इंजिनाच्या हिशेबानेच ठरलेला असतो. जाळी भाजून, कार्बन खरवडून परत बसवावी. अकोल्यातले एक मिस्त्री, ज्यांच्याकडे मी उमेदीत तासन्तास बसायचो, प्रत्येक पोराला सांगायचे, “भौ, दुखनं कुठं हाय ते आधी पाय, मंग पाना लाव.” ते फटफटीचा आवाज ऐकून पॉइंटची फट किती ते सांगत आणि मग फीलर गेज लावून तीच मोजून दाखवत.

घरी काम काढणाऱ्याने इंजिन शेवटी उघडावं. हा माझा जुना हट्ट आहे आणि त्यावरून माझे पुष्कळ वाद झालेत. गाडी अंगणात आली की आधी प्रत्येक सांध्याचा फोनवर फोटो काढायचा, बोल्ट वेगवेगळ्या पिशव्यांत नाव लिहून ठेवायचे. मग टायर, ब्रेक, केबल, वायरिंग. मग टाकी: आतला गंज काढायचा, धुऊन लगेच कोरडी करायची. कार्ब्युरेटर साफ करायचा. एवढं झाल्यावर गाडी बहुतेक वेळा चालू होते. चालू झालेली गाडी माणसाला महिनाभर उमेद देते. पहिल्याच दिवशी इंजिन खोललं, तर पिशव्या माळ्यावर जातात आणि गाडी दोन वर्षांनी भंगारात.

आता आधुनिक करण्याचा प्रश्न. 2022 च्या जूनमध्ये अमरावती-अकोला महामार्गावर 75 किलोमीटरचा डांबरी पट्टा 105 तास 33 मिनिटांत टाकला गेला आणि त्याची गिनेस विक्रमात नोंद झाली. रस्ता गुळगुळीत झाला आणि ट्रक-मोटारी त्यावरून शंभरच्या वेगाने जाऊ लागल्या. जावा सुखाने चालते साठ-पासष्टला. बोरगाव मंजूच्या पुढे संध्याकाळी मागून येणाऱ्या ट्रकला तुमचा मागचा दिवा दिसला नाही, तर कारखान्यातली मूळ वायर कोणाच्या उपयोगाची? म्हणून माझ्या यादीत सर्वांत वर बारा व्होल्ट. डायनामोच्या जागी बारा व्होल्टचा मॅग्नेटो आणि पॉइंटच्या जागी सीडीआय असे तयार संच मिळतात. ते मूळ खोबणीतच बसतात, मूळ डायनामो कापडात गुंडाळून कपाटात ठेवता येतो. बॅटरीजवळ फ्यूज लावायचा, पुढे चांगला दिवा, मागे एलईडी. ब्रेकच्या बाबतीत मात्र डिस्कचा मोह टाळावा. ड्रम लेथवर सरळ करून घ्या, शूवर नवं लायनिंग चढवा, केबल नवी टाका. साठच्या वेगाला तेवढं पुरतं आणि फ्रेमला हात लागत नाही.

पेट्रोल हा नवा विषय. पंपावर आता 20 टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल मिळतं. पेट्रोलकॉकचा कॉर्क, जुना रबरी पाइप, कार्ब्युरेटरची सीलं या सगळ्यांना ते मानवत नाही. शिवाय इथेनॉल पाणी ओढतं, म्हणजे पावसाळ्यात उभ्या गाडीची टाकी आतून गंजते. पाइप आणि सीलं व्हायटॉनची घालावीत, गाडी महिनाभर उभी राहणार असेल तर टाकी आणि कार्ब्युरेटर रिकामा करावा. पेट्रोलमध्ये मिसळायचं ऑइल पूर्वी लिटरला 40 मिली घालत. आजची टू-स्ट्रोक ऑइलं चांगली आहेत, पण अकोल्याच्या मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या वर असताना हात आखडता घेण्यात शहाणपण नाही.

आणि चिखलदऱ्याचा घाट. परतवाड्याहून वर चढताना जावा कधी दगा देत नाही. उतरताना देते. टू-स्ट्रोकला ऑइल पेट्रोलबरोबरच मिळतं, त्यामुळे गिअरमध्ये ठेवून, रेस पूर्ण बंद करून लांबलचक उतार उतरलं, तर चाक इंजिन फिरवत राहतं आणि पिस्टन कोरडा पडतो. घाटाच्या पायथ्याशी अडकलेली कितीतरी इंजिनं मी पाहिलीत. उतारावर अधूनमधून क्लच दाबून रेस द्यायची. गाडीच्या मूळ मालकांना हे सांगावं लागत नसे. त्यांच्या बापाने पहिल्याच फेरीत सांगितलेलं असे.

1984 ते 1986 मध्ये जपानी हातमिळवणीतल्या शंभर सीसीच्या गाड्या आल्या. लिटरमागे किलोमीटर मोजण्याचा काळ सुरू झाला. त्यांच्यात यामाहा आरएक्स-100 तेवढी माझ्या आवडीची. बाकीच्यांवर थांबायला नको. प्रदूषणाचे नियम कडक होत गेले आणि टू-स्ट्रोक मोटारसायकली बाजारातून गेल्या. 2018 मध्ये जावा हे नाव पुन्हा आलं, पण 293 सीसीच्या, पाण्याने थंड होणाऱ्या फोर-स्ट्रोक इंजिनावर. गाडी चांगली आहे. तिचा एकही भाग आपल्या जावाला लागत नाही.

मला खरी चिंता वेगळीच आहे. पुण्या-बंगळुरूचे दलाल गावोगाव फिरून गोठ्यांतल्या जावा, येझदी, आरएक्स उचलून नेतात. शेतकऱ्याला भंगाराहून चार पैसे जास्त मिळतात आणि गाडी तिथे जाऊन काचेमागे उभी राहते. इकडे क्रोम करणारे संपले. टाकीचं क्रोम करायचं तर मला आता नागपूर गाठावं लागतं. सिलिंडरची भिंत हाताने चाचपून 0.25 चा पिस्टन लागेल की 0.50 चा, हे सांगणारे लेथवाले म्हातारे झाले आणि त्यांची मुलं दुसऱ्या धंद्यात गेली. आयटीआयतून दरवर्षी पोरं बाहेर पडतात, पण कार्ब्युरेटर हातात दिला तर बघत राहतात. गाडीबरोबर ती दुरुस्त करणारा हात वाचवायचा असेल, तर काम इथल्या अंगणांत व्हायला हवं, आणि अमरावतीच्या एखाद्या लेथवाल्याकडे महिन्याला चार सिलिंडर जायला हवेत.

कागदपत्रांबद्दल थोडं, कारण यावरही चुकीचा सल्ला दिला जातोय. 15 जुलै 2021 च्या केंद्राच्या अधिसूचनेने पन्नास वर्षांवरच्या वाहनांना ‘व्हिंटेज’ म्हणून नोंदवण्याची सोय झाली. नव्या नोंदणीला 20,000 रुपये, नंबरात ‘व्हीए’ अक्षरं. काही जाणकार प्रत्येकाला हाच रस्ता दाखवतात. पण अशा नोंदणीची गाडी रोजच्या रस्त्याला नाही. प्रदर्शन, रॅली, संशोधन आणि पेट्रोल-देखभालीपुरतीच ती बाहेर काढता येते. ज्याला दर रविवारी बडनेऱ्याला जायचंय, त्याच्या ती काय कामाची? आरसी पंधरा वर्षांनंतर दर पाच वर्षांनी नूतनीकरण करून घेता येते, आणि जुना तीन अक्षरी नंबर शाबूत राहतो. फ्रेम कापणाऱ्यांनी तर मोटार वाहन कायद्याचं कलम 52 वाचावं. मूळ रचनेत फेरफार करता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने 2019 च्या जानेवारीत स्पष्ट केलंय.

पहिल्या रोडकिंगना 2028 मध्ये पन्नास वर्षं होतील, आणि तेव्हा हाच प्रश्न आणखी कितीतरी घरांत उभा राहील. ज्यांच्या गोठ्यात रोडकिंग उभी आहे, त्यांनी या दिवाळीच्या सुट्टीत आधी आजोबांच्या ट्रंकेतली आरसी शोधावी, इंजिनावरचा आणि फ्रेमवरचा नंबर रॉकेलने पुसून तिच्याशी ताडून पाहावा, आणि मगच टायरमध्ये हवा भरून गाडी अंगणात आणावी.